वापरण्यापूर्वी सूचना वाचा

"माझ्या आईसमोर उलट बोलतेस?" गिरीधर तरातरा न्हाणीघरात गेला आणि संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली घेऊन आला. सुनेत्राने मान वळवायच्या आत त्याने ती तिच्या तोंडावर रिकामी केली. शारदाबाई किंचाळल्या. सुनेला दंडाला धरून ओढत त्यांनी नळाखाली लोटलं.

पण कातडी जळेना, डोळे झोंबेनात. शारदाबाईंनी तिचे गाल चाचपले, ओढणी हुंगली. "अय्यो, हे तर नुसतं पाणी!" म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

सुनेत्रा रसायनशास्त्र शिकवायची. मागच्या भांडणात नवऱ्याची नजर त्या बाटलीवर खिळलेली तिने पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तो चिकपेटला दुकानात गेल्यावर तिने ते ॲसिड थोडं थोडं करून बादलीभर पाण्यात सोडलं, फेस येईनासा होईपर्यंत खाण्याचा सोडा टाकला आणि मग मोरीत ओतलं. बाटलीत साधं पाणी भरलं. रिकाम्या बाटलीवरचं लेबल फाडून टाकावं, असं ती वर्गात सांगायची. या बाटलीचं मात्र तिने तसंच ठेवलं.

"आमचा गिरी स्वल्प तापट आहे, पण मनानं वाईट नाही," शारदाबाई धापा टाकत म्हणाल्या. "पाण्यानं कुणाचं काय बिघडतं?"

"पाणी आहे ते मला ठाऊकच होतं," गिरीधर हसला. "हिला जरा घाबरवलं."

सुनेत्राने तोंड पुसलं आणि त्याच्या हातांकडे पाहिलं.

"मग लेबलावर लिहिलंय तसे रबरी मोजे कशाला चढवलेत?"