पहिली टोपली

कॉन्व्हेंटच्या नव्या मदरनी माझ्या हातात लाल मातीने भरलेली टोपली दिली. तिला चक्क रिबन बांधली होती. “आजी, पहिली टोपली गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईची, असा तुमचा रिवाज आहे ना? मग टाका बावखलात. हे बुजवून इथे प्रार्थनेची बाग होणार आहे.” मागे भरावाचा डंपर घुरघुरत होता, काठावर गावातल्या बायका जमल्या होत्या.

रिवाज म्हणे! दर उन्हाळ्यात या तळ्यातला गाळ काढून कॉन्व्हेंटच्या केळींना घालायचा. पहिली टोपली बाहेर यायची, आत जायची नाही. जुन्या मदर बेनिता झगा कमरेला खोचून गुडघाभर चिखलात उभ्या राहत. तळ्याचं पाणी जमिनीत झिरपत राहिलं, म्हणून साऱ्या आळीच्या विहिरी मे महिन्यातही गोड राहिल्या. या बाईंच्या बुटांना मात्र मी कधी चिखल लागलेला पाहिला नाही.

“बागेला पाणी कुठलं घालणार, मदर?”

“हिरवळ प्लास्टिकची आहे, आजी. पाणी लागतच नाही.”

“आमच्या विहिरींना लागतं.”

मी टोपली त्यांच्या चकचकीत बुटांवर रिकामी केली. लुगडं खोचून बावखलात उतरले, गाळ भरला आणि काठावरच्या सिस्टर फिलोमेनाला हाक मारली. शाळेत ती माझ्या मागच्या बाकावर बसायची. “फिलो, धर गो!”

“सिस्टर, जागच्या हलू नका!” मदर कडाडल्या.

फिलोमेनाने शांतपणे चपला काढल्या आणि टोपली धरली. डंपरच्या वाटेवर तिच्यामागे गावातल्या बायकांची रांग लागली.