‘प्रत्येक’वरची पंचेचाळीस मिनिटं

“आदरणीय विद्वान परीक्षक महाशय,” मार्लूस म्हणाली आणि तिने दात आवळले. पीएचडीच्या जाहीर परीक्षेत हे संबोधन दर उत्तराआधी लावावंच लागतं, समोरच्याचा गळा दाबावासा वाटत असला तरी.

समोर प्रोफेसर वेस्टरहाउस होते. काळा झगा, चपटी टोपी आणि कॉफीत मीठ पडल्यासारखा चेहरा.

मार्लूसने पाच वर्षं चिमुकल्या शब्दांवर घालवली होती. सगळे, प्रत्येक, काही, एकही नाही. तिच्या प्रबंधाचा कणा म्हणजे चौथं प्रकरण. जगात एकही भाषा अशी नाही, जिच्यात ‘प्रत्येक’चं काम करणारं काही ना काही सापडत नाही, असं ती तिथे छातीठोकपणे म्हणाली होती. एक्केचाळीस भाषांचा तक्ता जोडला होता. ग्रोनिंगेन विद्यापीठातली नोकरी सोमवारपासून होती, पण पदवीचा कागद हातात असेल तरच. आज परीक्षक उलटले तर सगळंच मुसळ केरात.

वेळ मात्र मोजून पंचेचाळीस मिनिटं. मग काठीवाली बाई येते, काठी जमिनीवर आपटते, “होरा एस्त” म्हणते, म्हणजे वेळ संपली. त्यानंतर कुणी अर्ध्या वाक्यात असला तरी तोंड मिटायचं. हा नियम राजालासुद्धा मोडता येत नाही.

रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न बाहेरून आलेल्या पाहुण्या परीक्षकाचा. पाहुणी होती ब्राझीलची जुसारा मोरेरा. पण वेस्टरहाउसनी अध्यक्षांना गाठून तिला शेवटी ढकललं होतं. सगळ्यांना ते असभ्यपणाचं वाटलं. मार्लूसला नवल वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने त्यांचं मार्गदर्शन सोडून दुसऱ्याचं धरलं होतं. तेव्हापासून हा माणूस जिन्यात भेटला तरी तोंड फिरवायचा.

इतर दोघांचे प्रश्न दहा मिनिटांत उरकले. मग वेस्टरहाउस सुटले. बाराव्या पानावरची तळटीप झाली. मग एका आकृतीतला बाण. मग आभाराच्या पानावर त्यांचं नाव का नाही, हेसुद्धा आडून विचारून झालं. माणसाला लाज कशी वाटत नाही, असं तिसऱ्या रांगेतल्या तिच्या आईच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

“उदाहरण घेऊ,” ते म्हणाले. “इथल्या प्रत्येकाला कुणीतरी नकोसं झालंय. सगळ्यांना मिळून एकच माणूस, की ज्याचा त्याचा वेगळा?”

“आदरणीय विद्वान परीक्षक महाशय, या सभागृहात एकच.”

सभागृह खो खो हसलं. वेस्टरहाउस हसले नाहीत. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि संदर्भसूची उघडली. पहिल्या नावापासून.

जुसाराने दोनदा हातातला कागद वर केला. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, “माझं संपलेलं नाही, बाई.” अध्यक्ष खाकरले. मार्लूसचा भाऊ शूर्द प्रथेप्रमाणे कोट घालून तिच्या मागे उभा होता. म्हातारा सटकलाय, असं तो पुटपुटला.

शेवटी अध्यक्षांनी जुसाराकडे हात केला. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात दार उघडलं. काठी आपटली.

“होरा एस्त.”

परीक्षक आत गेले, दहा मिनिटांत बाहेर आले. मार्लूसला लाल लाखेचा शिक्का असलेला कागद मिळाला. आई रडली.

खालच्या दालनात वाइन आणि चीजचे तुकडे फिरत होते. वेस्टरहाउसनी हात पुढे केला. मार्लूसने तो घेतला नाही.

“दोन वर्षांचा सूड आज उगवलात,” ती म्हणाली. “माझी आई समोर बसलेली असताना. यापुढे मला ओळखही दाखवू नका.”

त्यांनी मान हलवली, कोट उचलला आणि निघून गेले. बरं झालं, ब्याद टळली, असं ती शूर्दला मोठ्याने म्हणाली.

मग जुसारा आली आणि तो घडी घातलेला कागद तिने मार्लूसच्या हातात ठेवला. “तक्त्यातली एकोणतिसावी भाषा. त्या लोकांत मी अकरा वर्षं राहिलेय. तुम्ही घेतलेली वाक्यं जुन्या पाद्र्याच्या व्याकरणातली आहेत. त्याने ती घरात बसून स्वतः रचली होती. त्या भाषेत ‘प्रत्येक’ नाही. शब्द नाही, प्रत्यय नाही, काहीच नाही.”

मार्लूसने कागद वाचला. चौथं प्रकरण गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर पाचवं, सहावं.

“तुम्ही हे वर विचारलं असतंत तर…”

“विचारायलाच आले होते. पदवी अडली असती, मला ठाऊक आहे. पण खोटं ते खोटं.” जुसाराचा आवाज अजून रागातच होता. “मंगळवारी मी हा कागद वेस्टरहाउसना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, पोरीला सोमवारी रुजू व्हायचंय, तुमच्याआधी मला बोलू द्या.”