झाकून ठेवलेला भात

श्राद्धाचा कागद लिहिताना मान-ग्यूचा हात कधी अडत नसे. नवव्या महिन्याची नवमी आली, की चुलीची ऊब जमिनीखालून जिथे सर्वांत जास्त येते, त्या घरातल्या मानाच्या जागी तो मांडी घालून बसायचा आणि थोरल्या भावाचं नाव झरझर उतरवायचा. युद्धात गेलेल्या ज्या माणसांची मरणतिथी कुणालाच ठाऊक नाही, त्यांना या दिवशी जेवू घालतात. बावन्न वर्षं झाली, त्यात खंड पडला नव्हता.

आज मात्र कुंचल्यावरची शाई वाळत आली तरी कागद कोराच होता. समोर भावाचा नातू इन-हो बसला होता. सोलहून सकाळच्या बसने आला होता आणि त्याच्या मांडीवर एक पाकीट होतं.

घराण्याची वंशावळ तीस वर्षांनी नव्याने छापायची होती. मान-ग्यू निवृत्त मास्तर, अक्षर मोत्यासारखं, म्हणून या शाखेचं काम त्याच्याकडे आलं होतं. 'आजोबांचं काय झालं ते मी शोधून आणतो,' असं इन-हो उन्हाळ्यात म्हणाला, तेव्हा मान-ग्यूने हसून सोडून दिलं होतं. पोरं म्हणतात आणि विसरतात. हे पोर विसरलं नाही.

"धाकटे आजोबा, ही आपली जुनी कुटुंबनोंद," इन-होने पहिला कागद पुढे सरकवला. "मृत्यूची खबर देणारा म्हणून तुमचं नाव आहे."

"मग काय शेजाऱ्याचं असणार? मीच दिली."

"पण आजोबा वारले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मान-ग्यूने कुंचला पुसला. स्वच्छ झालेला कुंचला पुन्हा पुसला. कुणीच सांगितलं नव्हतं. छप्पन सालची गोष्ट. ज्या घरातला शिपाई बेपत्ता, तो उत्तरेतल्या शत्रूला जाऊन मिळाला असेल असा संशय, आणि तसल्या घरातल्या पोराला सरकारी शाळेत मास्तरकी कोण देणार? एकविसाव्या वर्षी त्याने साक्षीला दोन शेजाऱ्यांचे शिक्के घेतले, हीच नवमीची तिथी टाकली आणि सख्ख्या भावाला कागदावर मारून आला. पुढच्या महिन्यात नोकरी लागली.

"तेव्हाचे दिवस तुला काय ठाऊक?" तो म्हणाला. "तुझा बाप शिकला तो त्याच नोकरीवर."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकी वर्षं त्याच्या कामी आलं होतं.

इन-हो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने दुसरा कागद काढला. उत्तरेतल्या कोळशाच्या खाणीतून पळून आलेला एक म्हातारा त्याला भेटला होता. तोही युद्धात पकडला गेलेला शिपाई, आणि आजोबांच्या शेजारी तीस वर्षं कोळसा खणलेला. आजोबांचं सॉक-ग्यू हे नाव काढताच, उजव्या भुवईत खोक होती ना, असं त्याने स्वतःहून विचारलं होतं.

"एकोणनव्वद साली गेले आजोबा. छातीत कोळसा भरून."

"हळू बोल. आत तुझी आजी..."

"बोलू दे त्याला."

वहिनी दारातच उभी होती. तिच्या हातात पितळेचा वाडगा होता, श्राद्धाच्या भाताने शिगोशीग भरलेला. "आणखी काय म्हणाला तो माणूस?"

इन-होने एकदा धाकट्या आजोबांकडे पाहिलं, मग आजीकडे. "खाणीत शिधा मिळेनासा व्हायचा ना, तेव्हा आजोबा म्हणायचे, मी काही उपाशी मरत नाही. घरी माझी बायको रोज माझा भात झाकून ठेवते."

दूर गेलेल्या माणसाचा भात आधी काढायचा, त्यावर झाकण घालायचं आणि गोधडीत गुंडाळून उबेच्या जागी ठेवायचा. मग तो माणूस जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. वहिनीने पाच वर्षं तो ठेवला होता. लढाईतल्या टंचाईत स्वतः पेजेवर राहून ठेवला होता. मग एके दिवशी मान-ग्यू कचेरीतून परतला आणि म्हणाला, "वहिनी, मेलेल्याला रोज जेवण लागत नाही. वर्षातून एकदा पुरे."

ते शब्द त्याला आत्ता जसेच्या तसे आठवले, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"छप्पन ते एकोणनव्वद," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तेहतीस वर्षं. घरात तांदूळ असून मी उपाशी ठेवलं हो त्यांना, भावोजी."

"वहिनी, चूक माझी आहे. तो कागद मी..."

बावन्न वर्षं न बोललेलं वाक्य अखेर बाहेर पडलं, पण तिचं लक्ष नव्हतं. मेलेल्याच्या भातात चमचा उभा खोवतात. तिने तो चमचा उचलून चौरंगावर आडवा ठेवला, वाडग्यावर झाकण घातलं आणि पेटीतली जाड गोधडी ओढून काढली.

"श्राद्धाची वेळ टळतेय, वहिनी," मान-ग्यू कसाबसा म्हणाला.

"श्राद्ध उद्या करू. आज जेवू देत त्यांना."

वाडगा गोधडीत गुंडाळून, पोटाशी धरून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, जरा सरका," ती म्हणाली. "ही जागा त्यांची आहे."