चौथ्या ओवीपर्यंत

"ते घड्याळ काढ म्हन्लं ना," माणिकराव दारातूनच ओरडले. "नाईतर पुन्हा गोठ्यात फेकीन. एक डाव फेकलंच हाय."

खुशालने बापाकडे पाहिले नाही. तो जाळीच्या कपाटात वाकून गजराच्या चावीला दोरा बांधत होता.

रचना साधी होती. गजर वाजू लागला की घड्याळाच्या पाठची चावी उलटी फिरे. दोरा तिच्यावर गुंडाळला जाई, ताणला जाई आणि खटका ओढी. खटका पडला की ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर रेडिओ-टेप जागा होई. रेकॉर्डची कळ खुशाल आधीच दाबून ठेवी. साडेपाचच्या बसने तो वांकिडीहून आसिफाबादच्या कापूस-जिनिंगमध्ये कामाला निघून जाई. सहा वाजून दहा मिनिटांनी तो घरी नसला तरी सकाळचा मराठी कार्यक्रम फितीवर उतरत राही.

त्या कार्यक्रमातून त्याला एकच गोष्ट हवी होती. मेलेल्या आईचा आवाज.

दहा वर्षांपूर्वी जयवंताबाईला तिचा भाऊ बाबाराव आदिलाबादच्या रेडिओ केंद्रात घेऊन गेला होता. तिथे तिने जात्यावरच्या ओव्या गायल्या. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही उरला नव्हता. खुशालने केंद्राला चार पत्रे लिहिली. एका कार्डावर उत्तर आले: जुन्या ओव्या अधूनमधून लागतात, दिवस सांगता येत नाही. मग त्याने दिवस विचारणे सोडले आणि रोज दोरा बांधू लागला.

माणिकरावांना तोच आवाज घरात नको होता. ओव्या पहिल्यांदा लागल्या त्या सकाळी त्यांनीच रेडिओ ओट्यावर मांडला होता, गल्लीला बोलावले होते. जयवंताबाई लाजून विहिरीवर निघून गेली होती. रेडिओतल्या जयवंताबाईने एकेका ओवीत देवीचे नाव घेतले, मायबापाचे घेतले, शिवाराचे घेतले, मग भावाचे घेतले. ओट्यावरून कोणीतरी हसले. "माणिकराव, साळ्याचा नंबर लागला, तुमचा काई लागत नाई बा!" माणिकरावांनी तेथेच रेडिओचा कान पिळून तो बंद केला. जात्यावरच्या ओव्या पुरुष अर्धवट झोपेत ऐकतात. त्या कुठे संपतात हे त्यांना सहसा ठाऊक नसते. त्या दिवसापासून बाबारावाला उंबरा बंद झाला. बायकोशी बोलणे ताट सरकवण्यापुरते उरले. मागच्या उन्हाळ्यात ती गेली, तेव्हाही ते उशाशी बसले नाहीत.

तीन वेळा त्यांनी वायर उपटली. खुशालने तीन वेळा जोडली. मग घड्याळ गोठ्यात गेले. ते शेण पुसल्यावर पुन्हा चालू लागले. घड्याळाला राग येत नव्हता. शेवटी खुशालने सारे यंत्र आईच्या जाळीच्या कपाटात ठेवले, जिथे ती दूध-दही ठेवत असे, आणि बाहेरून कुलूप घातले.

"बापाले कुलूप लावतं काऊन रे?"

"कपाटाले लावलं, बा."

"बोलाले शिकला. मामावर गेला पुरा."

कार्तिकातल्या एका सकाळी बस आलीच नाही. खुशाल फाट्यावर अर्धा तास थांबला आणि परत फिरला. फुटलेल्या कापसावर धुके बसले होते. पांढऱ्यावर पांढरे, कुठे काय संपते ते कळत नव्हते. अंगणात पाऊल टाकताच तो थबकला. आतून आई गात होती.

त्याला वाटले, आपण श्वास घेतला तर ती थांबेल.

पण आत माणिकराव उभे होते, आणि त्यांच्या हातात कुऱ्हाड होती. कुलूप हिसडून तुटले नव्हते. जाळीपलीकडे फीत शांतपणे फिरत होती.

"बरा आला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "आयक आता तुह्या मायची करनी. आता भाऊ येते, पाह्य."

भाऊ आला.

*चौथी माझी ओवी गं, बंधू बाबारावाला*
*जुंपितो बैलजोडी, बहिणीच्या नावाला.*

"आला का नाई? दहा वर्सं झाली, अजून तोच!" माणिकरावांनी कुऱ्हाड उगारली.

खुशालने आयुष्यात पहिल्यांदा बापाचे मनगट धरले.

"सोड."

"एक डाव शेवटपर्यंत आयका, बा. मग फोडा."

"मले माईत हाय काय हाय त्याच्यात!"

"तुमाले चारच माईत हाय."

कपाटात आवाज क्षणभर थांबला होता. उंबऱ्याशी येऊन पदर सावरावा तसा. मग तो आधीपेक्षा हळू आला.

*पाचवी माझी ओवी गं, राखली मी शेवटाला*
*माणिकरावांचं नाव, माझ्या कुंकवाच्या बोटाला.*

त्यानंतर निवेदक काहीतरी बोलू लागला. दोघांपैकी कोणीही ते ऐकले नाही. खुशालच्या पकडीतले मनगट एकाएकी म्हाताऱ्या माणसाचे झाले. कुऱ्हाडीचे पाते आपल्याच वजनाने जमिनीला टेकले.

"हे तवा नव्हतं," माणिकराव म्हणाले. "खोटं हाय. मी सोता आयकलं. तवा हे नव्हतं."

"तवाई होतं, बा," खुशाल म्हणाला. "माय मरेपर्यंत म्हने, मी चारचौघांत त्याईचं नाव घेतलं, म्हून ते माह्यासंगं बोलत नाई."