एकतीस नंबरचा उशीर

“शिट्टी वाजली की लगेच क्लिप कापू नकोस गं,” कुबरा तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. “पडलेला माणूस उठतो कसा, तेही बघत जा.” मनालीने ते हसण्यावारी नेलं. शेजारच्या टेबलावरची, रत्नागिरीची कुबरा या नोकरीआधी नर्स होती. तिला सगळीकडे पेशंटच दिसायचे.

दुबईत अल बर्शातल्या त्या छोट्या ऑफिसात काम सरळ होतं. अमेरिकेतला एक व्यावसायिक फुटबॉल संघ आपल्या बचावाची शेवटची फळी नव्याने उभी करत होता. त्यांचा फुटबॉल हातात धरून पळायचा, अंगावर घ्यायचा. लांब फेकलेला चेंडू अडवायला उलट्या पावलांनी धावणारी, समोरून येणाऱ्याला आडवं करणारी पोरं त्यांना हवी होती. ती कॉलेजांतून येतात. एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये सगळे संघ त्यांना पाळीपाळीने निवडून घेतात. त्याआधी प्रत्येकाचा खेळ तुकडे करून तपासायचा आणि शेरे मारायचे, हे काम इथे स्वस्तात व्हायचं. चेंडू हलला की क्लिप सुरू, शिट्टी वाजली की खलास.

मनालीचा लाडका होता सत्तावीस नंबरच्या जर्सीतला पोरगा. कुणालाही न घाबरता भिडायचा. तिने त्याला यादीत सगळ्यांत वर ठेवलं होतं. त्याच्या शेजारी कायम त्याच्याच कॉलेजचा एकतीस नंबर. बहुतेक क्लिप उघडताच एकतीसचा हात त्याच्या खांद्यावरून निघताना दिसायचा. मनालीने शेरा मारला होता : ‘दोघांत उत्तम संवाद.’ एकट्या एकतीसबद्दलचा शेरा वेगळा होता : ‘जागेवर उशिरा पोहोचतो.’

ड्राफ्टच्या आठवड्यात संघाने विचारणा केली, सत्तावीस सहकाऱ्यांशी वागतो कसा? त्यासाठी तिने पहिल्यांदाच न कापलेला सामना लावला.

ऑक्टोबरमधला सामना होता. सत्तावीसच्या डोक्यावर समोरच्याचं डोकं आदळलं. शिट्टी वाजली. इथवर तिने हा तुकडा कितीदा तरी पाहिला होता. सत्तावीस उठला, हेल्मेट नीट केलं, आणि चालत चालत दुसऱ्याच संघाच्या पोरांत जाऊन उभा राहिला. एकतीस धावत आला. त्याने त्याचा दंड धरला, त्याला मागे आणला, खांद्याला धरून तोंड वळवलं आणि जागेवर उभा केला. पुढच्या खेळीला पुन्हा तेच. मनालीने पुढचा सामना लावला. मग हंगामातला शेवटचा. तो हात शाबासकीचा नव्हताच.

ती लॅपटॉप घेऊन तशीच राजनसरांच्या केबिनमध्ये शिरली.

“सर, या मुलाला आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाहीये. तो दुसरा त्याला फिरवून उभा करतो. दर वेळी!”

राजनसर हसले. “मनाली, तुझ्या लेकीला, केयाला, शिंक आली तरी तू इमर्जन्सी गाठतेस. मागे सोफ्यावरून पडली तर स्कॅन करा म्हणून अडून बसली होतीस. डॉक्टरने घरी पाठवलं ना तुला?”

“माझं सोडा हो सर. हे बघा तरी.”

त्यांनी बघितलं. मग पुन्हा मागे नेऊन बघितलं. त्यांचं हसू गेलं.

“पाठवतो मी,” ते म्हणाले. “कुणी वाचलं तर वाचलं, इन्शाल्ला.”

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ‘आमच्या डॉक्टरांनी खेळाडूला पास केलं आहे. दोघांतल्या संवादाबद्दलची नोंद उपयोगी पडली. आभार.’

सोमवारी राजनसर बकलावाचा मोठा डबा घेऊन आले. “हवी होती ती तिन्ही पोरं मिळाली आपल्या क्लायंटला! सत्तावीस तर दुसऱ्याच फेरीत. यल्ला, तोंड गोड करा सगळे.” कुबराने डबा तसाच पुढे सरकवला.

“आणि एकतीस?” मनालीने विचारलं. “त्याला कोणी घेतलं?”

“कुणीच नाही. स्लो आहे ना तो. तुझाच तर शेरा आहे.”

ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. हंगामाच्या सुरुवातीचा, सप्टेंबरातला सामना तिने लावला. एकतीस सगळ्यांच्या आधी आपल्या जागेवर उभा. पुढचा सामना, तेच. ऑक्टोबरातल्या त्या धडकेनंतर मात्र तो एकदाही वेळेवर पोहोचला नव्हता. आधी तो मित्राला त्याच्या जागी नीट लावायचा आणि मग उरलेल्या क्षणात जिवाच्या आकांताने स्वतःच्या जागेकडे पळायचा. हळू नव्हताच तो.

सत्तावीस आता नव्या शहरात आहे. शेजारची पोरंही नवी आहेत. प्रत्येकाला स्वतःची जागा टिकवायची आहे. तो अजून कुणाला न घाबरता भिडतो म्हणे. संघ त्याच्यावर खूश आहे. मनालीने नंतरही दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तिकडे अमेरिकेत असेल, नाहीतर कुणाचा भाऊ, भाचा, जावई असेल, तर मनालीचं एवढंच मागणं आहे. उन्हाळ्यात संघाचा सराव बघायला लोकांना आत सोडतात. सहीसाठी रांग लागते. त्या रांगेत उभे राहा. तुमची पाळी आली की सही घ्या, हसा, आणि सहज बोलता बोलता त्याला विचारा, आज वार कोणता. उत्तर द्यायच्या आधी तो शेजारी कुणाला शोधतो का, तेवढं बघून या.