खमंग कोथिंबीर

"बाबा, तुमच्या कोथिंबिरीला फोडणी कधी देणार?"

हे विचारून दाखवच, असं काल बाबांची बाग हुंगून गेलेल्या मैत्रिणींनी शार्वीला डिवचलं होतं. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी शार्वी हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. आज स्वतःच्याच बापाची पाळी होती.

बाबा कुंडीपुढे उकिडवे बसून मातीला मोबाइलवरची सनई ऐकवत होते. या बागेपायी त्यांनी गॅलरीतलं तिचं टेबल माळ्यावर चढवलं होतं, आणि ती महिनाभर आईच्या शिलाई मशीनवर भूमिती सोडवत होती. कालच तिसऱ्यांदा पेरणी झाली होती. आधीच्या दोन्ही पेरण्यांतून कोंब एकही नाही.

"नवशिक्यांनी धीर धरावा," बाबा म्हणाले. सोसायटीच्या ग्रुपवरही ते रोज हेच शिकवत.

शार्वीनं माती उकरून एक दाणा चुरडला आणि त्यांच्या नाकापुढे धरला.

"वा! खमंग आहे की!"

आतून आई धावत आली. "अहो, निळ्या झाकणाच्या बरणीतले पेरलेत? ते धणे मसाल्यासाठी भाजून ठेवले होते मी!"

सनई वाजतच राहिली. बाबांचा चेहरा असा पडला, की शार्वीला त्यांची दया आली. क्षणभरच.

"टेबल आजच गॅलरीत परत येतंय," तिनं दोघांना जाहीर केलं. "त्याच्या शेजारी एकच कुंडी राहील. कच्चे धणे रगडून मी पेरणार. आई, बरण्या तू सांभाळ. आणि बाबा, तुमच्याकडे फक्त सनई."