चातुर्मासाचा नेम

मान तिरकी धरूनच हिरवे साहेब शालनताईंच्या टेबलाशी आले.

"ताई, जरा पोक काढून बसा हो," ते हळूच म्हणाले.

ताई ताठ बसूनच टाईप करत राहिल्या. विमा ऑफिसात सगळ्यांच्याच गळ्यात कायद्याने सक्तीचा पट्टा होता. मानदुखीतला वाकून बसण्याचा वाटा तो ज्याचा त्याला ठेवी, आणि मनस्तापाचा वाटा मनस्ताप देणाऱ्याच्या मानेत पोचवी. ताई वाकून बसल्या असत्या, तर साहेबांच्या मानेत जाणारं निम्मं दुखणं त्यांच्याकडेच राहिलं असतं.

पण ताईंच्या वडिलांच्या दहाव्याला साहेबांनी त्यांना सुट्टी नाकारली होती. वर सगळ्यांदेखत हसून म्हणाले होते, "गेलेला माणूस काय पळून जातोय?" तेव्हापासून ताईंनी पाठ वाकवली नव्हती.

"चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं ना साहेब," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "कुणी वांगं सोडतं. मी पोक काढणं सोडलंय."

"मग कार्तिकात तरी...?"

"अंगवळणी पडलं, की काहीजणी जन्मभरासाठी सोडतात."

ताईंनी डोळे मिटून वडिलांना आठवलं, आणि पाठ आणखी ताठ केली.

"आई गं!" साहेबांनी मान धरली.